अल्पशा आजाराचे अकरा महिने

निखिल,

तू अल्पशा आजारानं गेलास, असं आपल्या मराठी मंडळानं ठरवलं आहे. ग्रुपवर तुझा फोटो आला, खाली जोडलेले हात, एक पणती आणि ते वाक्य. अकरा महिने, बारा केमो, दोन ऑपरेशनं, पोटावर लावलेली ती पिशवी, हे सगळं मिळून आपल्या लोकांच्या मते अल्पसं. मी अध्यक्षांना फोन करून म्हटलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर असं लिहा. ते म्हणाले, "ताई, असं लिहीत नाहीत." रविवारच्या शोकसभेत मी बोलणार आहे, असं सांगितलं तर म्हणाले की जरूर बोला, फक्त सात्त्विक बोला. संडासात महिनोन् महिने रक्त पडून माणूस गेला, त्याच्याबद्दल सात्त्विक काय बोलायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

खरं म्हणजे मला मंडळाशी बोलायचंच नव्हतं. मला जसलीनला एक गोष्ट सांगायची होती. तुझ्या बायकोला, जिच्यासमोर मी वर्षभर तुझ्या उशाशी डॉक्टर म्हणून मिरवत बसले होते. तू असताना ते माझ्या तोंडून निघालं नाही. तेराव्याला घरात चार माणसं असताना निघालं नाही. मग वाटलं, शंभर माणसांसमोर माइक हातात आला तर मागे फिरायला जागा उरणार नाही. तर बघ, एवढं धैर्य आहे तुझ्या बहिणीचं.

आधी आपल्या मंडळाबद्दल. चंदीगडमध्ये मराठी माणसं मोजकी, त्यातली निम्मी डॉक्टर, उरलेली फौजेत नाहीतर युनिव्हर्सिटीत. तू मोहालीच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारा, म्हणजे आमच्यातली जनता. गणपतीत आरती संपली की जनतेनं हातात डिश घेऊन डॉक्टरांभोवती जमायचं आणि गुडघा, शुगर, पोरांचे टॉन्सिल्स सगळं उभ्याउभ्या विचारून घ्यायचं, ही तिथली रीत. तू तिला 'प्रसाद ओपीडी' म्हणायचास. इस्पितळात जाऊन कार्ड काढणं, सकाळी लाइनीत उभं राहणं, हे ज्यांची ओळख नाही त्यांनी करायचं. मराठी माणसानं लाइनीत उभं राहणं म्हणजे आम्ही इतके डॉक्टर असल्याचा अपमान.

त्या गणपतीत तू तुझी तक्रार त्या ओपीडीत नेलीस. मी शेजारीच उभी होते. तू हसत हसत म्हणालास की खालच्या मजल्यावर जरा गळती आहे. कान-नाक-घसावाले, म्हणजे आपले अध्यक्ष, म्हणाले, "आयटीवाल्यांना पाइल्स व्हायचेच, बसून बसून." डोळेवाल्या बाई म्हणाल्या की राजमा-छोले कमी कर, इकडचं लोणी आपल्याला सोसत नाही. कातडीवाल्यांनी इसबगोल सांगितलं आणि वर मोदक वाढला. एकानं तणाव म्हटलं. अडतीसाव्या वर्षी घाबरायचं काही नसतं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. निखिल, त्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी तुला नऊ डॉक्टरांनी पाहिलं आणि एकानंही तपासलं नाही.

जसलीन मधेच म्हणाली होती, "जी, एक बार कार्ड बनवाके प्रॉपर दिखा लेते हैं ना." त्यावर सगळे किती प्रेमानं हसले. घरात डॉक्टर नणंद असताना लाइनीत कशाला, असं कुणीतरी म्हणालं. तीही ओशाळून हसली. मी हसले की नाही हे मला आठवत नाही, म्हणजे हसलेच असणार.

पण या लोकांवर दात-ओठ खाताना मी एक ओपीडी गाळते आहे. ती त्याच्या दोन महिने आधी पिंजौरला भरली होती, आणि तिथली एकुलती एक डॉक्टर मी होते.

आंब्याचे दिवस होते. आपण गाडीनं पिंजौरच्या बागेत निघालो होतो. मोहालीपासून तासाभराची वाट, त्यात तू जसलीनला दोनदा गाडी थांबवायला लावलीस, एकदा ढाब्यावर आणि एकदा पेट्रोल पंपावर. मी म्हटलं, आप्पांना फोन करून सांगू का, तुमच्या चिरंजीवांचं आज जोरात चाललंय. आपल्या कराडच्या घरात पोट हा चारचौघांतला विषय. आप्पा चहाच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, "झालं का साफ?" आलेल्या पाहुण्यांनाही सोडायचे नाहीत. एवढं उघड बोलणारं घर, आणि त्या घरातल्या मुलाला 'रक्त' हा शब्द उच्चारायला दोन महिने लागले. तुमच्या लेकीला, मन्नतला, घेऊन जसलीन कारंज्याकडे गेली, तेव्हा तू झाडाकडे बघत म्हणालास, "ताई, रक्त पडतंय."

मी विचारलं, दुखतं का. तू म्हणालास, नाही. झालं, एवढीच माझी तपासणी. रक्त वेगळं पडतं की शौचात मिसळून, वजन उतरलंय का, पोटाची सवय बदलली का, पोट पूर्ण साफ झाल्यासारखं वाटतं का, यांतलं मी काहीही विचारलं नाही. सवय बदलल्याचा पुरावा तर त्या ढाब्यावर आणि पेट्रोल पंपावर मिळालाच होता, त्यावर मी विनोद केला होता. बोट घालून तपासायला अर्धं मिनिट लागतं, तेही मीच करायची गरज नव्हती, फक्त कुणाकडून तरी करून घे एवढं वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य मला लाजिरवाणं वाटलं. लहानपणी ज्याला मी न्हाऊ घातलं त्याच्याशी बोलायला. बागेच्या बाहेर केमिस्ट होता. तिथून मी तुला पाइल्सची ट्यूब घेऊन दिली, आणि मग आपण आंबे घेतले.

आता माझं काम काय, ते तुला ठाऊक होतं, पण इतरांना कळावं म्हणून लिहिते. मी पॅथॉलॉजीत आहे. आतड्यातून काढलेले तुकडे काचेवर घेऊन दिवसभर बघते. प्रत्येक तुकड्याबरोबर फॉर्म येतो आणि फॉर्मवर वय असतं. ते वय गेली काही वर्षं खाली खाली येतंय, हे मी रोज बघत होते. त्याच आठवड्यात एका एकतीस वर्षांच्या शाळामास्तरणीच्या रिपोर्टवर मी सही केली होती. चहा पिताना म्हणालेही होते की हल्ली फार तरुण यायला लागलेत. ही माहिती माझ्याकडे सोमवार ते शनिवार असायची. रविवारी मी ताई असायचे.

मग तुझ्या कंपनीच्या चेकअपमध्ये हिमोग्लोबिन नऊ आलं. पुरुषाचं हिमोग्लोबिन असं उगाच नऊवर येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तुला मी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यानं शौचाला काळं व्हायला लागलं, तेव्हा तू फोन केलास आणि मी म्हटलं, गोळ्यांमुळे होतं तसं, घाबरू नकोस. तेवढं एक वाक्य मी अचूक बोलले. वजन उतरलं तसं लोक तुझं कौतुक करायला लागले. सेक्टर १७ मध्ये तू दोनदा पँट्स शिंप्याकडून कमरेत कमी करून घेतल्यास. सुखना लेकवर सकाळी भेटणारे मंडळाचे लोक म्हणायचे, काय फिट झालायस, डाएट सांग की. आणि तू सांगायचास, मूर्खासारखं, संध्याकाळी सातनंतर काही खात नाही. तुला भूकच लागत नव्हती, गाढवा.

हो, तुझ्यावरही राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, तर तसं म्हणणाऱ्यांनी शोकसभेत बसून राहावं. तू सगळ्याची गंमत केलीस. गळती म्हणालास, मजला म्हणालास, नंतर पोटावर पिशवी आली तर तिला 'भाडेकरू' म्हणालास. लोक हसले की तुला वाटायचं, प्रश्न सुटला. एकदा, फक्त एकदा, तू टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतंस की मला भीती वाटतेय, मला नीट तपासा.

ते जसलीननं केलं. फेब्रुवारीत तुझ्या पोटात कळा यायला लागल्या, तेव्हा तिनं मला न कळवता सकाळी सात वाजता तुला आमच्याच इस्पितळात लाइनीत उभं केलं, कार्ड काढलं, आणि जो कोणी शिकाऊ डॉक्टर समोर आला त्याला सांगितलं, नऊ-दहा महिन्यांपासून खून येतंय, आप देखो. त्यानं पाहिलं. बोटालाच गाठ लागली. तुझी दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढला गेला, आणि तो तुकडा माझ्या खात्यात आला. माझ्या मैत्रिणीनं तो माझ्यापासून लपवून ठेवला होता. तिच्या टेबलावर मी फॉर्मवरचं नाव वाचलं. काच घेतली आणि पाहिली. दुसऱ्या वर्षाच्या पोरानंही ओळखलं असतं इतकं स्पष्ट होतं. तोवर ते यकृतात पोचलेलं होतं.

त्यानंतरच्या अकरा महिन्यांत जी माणसं मदतीला धावली त्यांची यादी तुला पाठ होती. गव्हांकुरांचा रस आणणारे एक. गोमूत्र आणणारे एक कर्नल, तेही फौजी शिस्तीत, रोज सव्वानऊला. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, असा व्हिडिओ मला, पॅथॉलॉजीच्या प्राध्यापिकेला, कातडीवाल्यांनी पाठवला. डोळेवाल्या बाईंनी जसलीनला विचारलं की घरी मांसाहार जास्त होता का. तिनं नम्रपणे सांगितलं की जी, आम्ही सगळेच जेवत होतो. नऊ जणांपैकी एकानंही म्हटलं नाही की त्या संध्याकाळी आम्ही चुकलो. त्यांना ती संध्याकाळ आठवतच नव्हती. इतकी माणसं त्यांनी डिश हातात घेऊन पाहिली होती.

तुझं चांगलं बोलायला सुरुवात केली की मला आवरत नाही, म्हणून थोडंच बोलते. तुला या शहरात मी आणलं. तुझ्या इंटरव्ह्यूला मी तुला स्कूटरवरून सोडलं होतं. चौदा वर्षं इथे राहून मी अजून भाजीवाल्याला "आप थोडा कम करो" असं कराडचं हिंदी ऐकवते, आणि तू वर्षाच्या आत पंजाबीत भांडायला शिकलास. जसलीनच्या वडलांना तू पिठलं-भाकरी खायला घातलीस, आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सगळ्या केमोंच्या काळात तू मन्नतशी हट्टानं मराठीत बोलत राहिलास, ती हिंदीत उत्तरं देत राहिली, आणि तुम्हा दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. माझ्या घरी हसू यायचं ते तुझ्याबरोबर यायचं. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नाही.

आणि ते भांडण. डिसेंबरमध्ये तुझ्या गच्चीवर उन्हात बसलो होतो. तुला खाता येत नव्हतं तरी तू मन्नतसाठी किन्नू, इकडची संत्री, सोलत होतास, एकेक शीर काढून. तू म्हणालास, "ताई, मी गेल्यावर शूरपणे लढला वगैरे नको. काय झालं ते सांग. सगळं."

मी विचारलं, सगळं म्हणजे काय. तू म्हणालास, "तुला माहितीये." मग म्हणालास, ताई, तुझं वय बेचाळीस आहे, सख्खा भाऊ आहे मी, तू स्वतःची तपासणी करून घे, आणि माझ्या अडतीसच्या दहा वर्षं आधी, म्हणजे मन्नत अठ्ठावीसची झाली की, तिचीही करा, हे जसलीनला लिहून दे. मी म्हटलं, बघू. तू म्हणालास, बघू नको, ताई, तुझं ते बघू मला माहितीये. आणि मी उठले, औषधाची वेळ झाली म्हणून आत गेले. औषधाला अजून अर्धा तास होता. परत येऊन मी दुसराच विषय काढला. तू तो चालू दिलास. पाच आठवड्यांनी तू गेलास आणि ते भांडण तसंच राहिलं.

काल, रविवारी सकाळी अकराला, सभा झाली. तुझा फोटो, हार, उदबत्ती. आधी चौघे बोलले. तू हसतमुख होतास, गणपतीत ढोल छान वाजवायचास, आणि शेवटपर्यंत शूरपणे लढलास. मग मी उठले. मी म्हटलं की निखिलला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, तो तरुणांना होतो, रक्त पडणं हे त्याचं लक्षण असू शकतं, आणि पाइल्स आहेत असं कुणी न तपासता सांगितलं तर त्याचं ऐकू नका, तो कितीही मोठा डॉक्टर असला तरी. संडास, रक्त, गुदद्वार, बोट, सगळे शब्द मी फोटोसमोर उच्चारले. पहिल्या रांगेत एकानं फोन काढला. कुणाला तरी खोकला आला. अध्यक्ष उठून माइकजवळ आले आणि म्हणाले, "ताई जरा भावनावश झाल्यात." मी म्हटलं, नाही, मी शुद्धीवर आहे, बसा.

ते बसले. मग मी ते बोलले. म्हटलं, त्याला पहिली ट्यूब मी दिली. तपासल्याशिवाय. पिंजौरला. मी रोज हाच आजार बघते, आणि मला भावाशी बोलायची लाज वाटली. ती लाज मला वाटली नसती तर त्याचं निदान सात महिने आधी झालं असतं. त्यानं तो वाचलाच असता की नाही हे मला सांगता येत नाही, आणि आता कधीच सांगता येणार नाही.

जसलीन पहिल्या रांगेत होती. एवढ्या वर्षांत तिला मराठी सगळं कळतं. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

नंतर व्हरांड्यात चहा होता. दोघींनी येऊन मला समजावलं की गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे असले शब्द बरे दिसत नाहीत. आणि मग, तुला खरं वाटणार नाही, त्याच व्हरांड्यात, हातात चहाचे कप घेऊन, तीन जण एकेकटे माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात सांगायला लागले. एकाला चार महिन्यांपासून. तिघांपैकी एक कान-नाक-घसावाले होते. म्हणाले, माझं पाइल्सच असावं, पण तुमचं काय मत. मी म्हटलं, माझं मत नाही, उद्या कार्ड काढा. त्यांनी विचारलं, लाइनीत? मी कप खाली ठेवला आणि बाहेर पडले.

जसलीन मला बाहेर गाडीपाशी भेटली. मी म्हणायला सुरुवात केली की मला माफ, तर तिनं हात वर करून थांबवलं.

"मुझे पता था, दीदी. ट्यूब के डब्बे पे आपकी लिखाई थी. सुबह-शाम."

मी विचारलं, मग तू कधी बोलली का नाहीस.

"साल भर से वेट कर रही थी कि आप ख़ुद बोलोगे."

तिच्या आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता, तिला वेळ नव्हता इतकंच. म्हणाली, उद्या सात वाजता माझ्या तपासणीसाठी लाइनीत यायचं, तू तिला सांगून ठेवलं होतंस. मी म्हटलं, खात्यात कुणाला तरी सांगून बघते, लवकरची वेळ मिळेल. ती म्हणाली, "ना. आप डॉक्टर बनके मत आना."

तर आज सकाळी मी लाइनीत होते. धुकं होतं, जसलीन माझ्याबरोबर उभी होती, कार्डवर नाव तिनं सांगितलं. साडेदहाला आत बोलावलं. समोरचा रेसिडेंट नवा होता, मला ओळखत नव्हता, फार तर सव्वीसचा असेल. मान खाली घालून लिहीत होता. तकलीफ विचारली, मी नाही म्हटलं. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का विचारलं. मी म्हटलं, सख्ख्या भावाला. तेव्हाचं त्याचं वय विचारलं. मी सांगितलं, अडतीस.

तो लिहायचा थांबला. वर बघून त्यानं विचारलं, "अब कैसे हैं वो?"

जसलीननं माझ्याकडे पाहिलं. अकरा महिने असं कुणी विचारलं की तीच उत्तर द्यायची. आज तिनं ते माझ्यावर सोडलं. माझं सगळं हिंदी त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी मराठीत म्हटलं, "गेला." त्याला ते कळलं.